लाईट गेले होते

“ताई, चार नंबरच्या कॅसेटमध्ये मध्येच द्राक्षं आलीत. काढून टाकू का?”

कॅसेटवरचं पेनड्राइव्हवर करून देणाऱ्या मुलाचा हा फोन आला तेव्हा मी कर्वे रोडवर सिग्नलला होते, मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि मला तो काय म्हणतोय तेच कळेना. कसली द्राक्षं? “शेतीचं काहीतरी आहे. लढाई चालू असते, एकदम द्राक्षाची बाग येते, एक माणूस रोगावर बोलतो. वीस-बावीस मिनिटं आहे. काढलं तर मालिका सलग होईल.” तसं त्याचं बरोबर होतं. त्याच्या दृष्टीनं ती घाण होती, बुरशीसारखी पुसून टाकायची. मी “नको नको, तसंच राहू दे, मी येते” म्हटलं आणि गाडी पुढे काढली. दिवसभर मात्र ती द्राक्षं डोक्यातून जाईनात. कारण आमच्या घरात गेली तीस वर्षं सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी होती, की चार नंबरच्या कॅसेटमध्ये शेवटी काहीच नाही. तेव्हा लाईट गेले होते.

नारायण पेठेतला आमचा वाडा अखेर बिल्डरला गेला. सामान हलवताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत या कॅसेटी सापडल्या, एकूण अकरा, प्रत्येक वर्तमानपत्रात गुंडाळून, मध्ये डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेल्या. त्या गोळ्या विरून नुसता वास उरला होता. आजोबांनी आयुष्यभर मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली, त्यामुळे लेबलं बघण्यासारखी. काळ्या शाईत, ताठ अक्षरात, ‘दि ग्रेट मराठा – १’, खाली भागांची नावं त्यांनीच ठेवलेली, आणि त्याखाली लाल शाईत ‘पुसू नये’. हा ‘पुसू नये’ तेव्हा घरोघरी असायचा. लग्नाच्या कॅसेटीवर, मुंजीच्या कॅसेटीवर, आणि तरीही कोणीतरी त्यावर क्रिकेटची मॅच चढवायचंच. म्हणून आजोबा केवळ लिहिण्यावर विसंबून राहत नसत. कॅसेटच्या पाठीवर कडेला एक छोटी प्लास्टिकची चकती असते, ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. आजोबा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं ती कट्कन मोडायचे. तो आवाज मला अजून ऐकू येतो. महिन्याचे हिशोब जुळल्यावर चष्मा काढून ठेवतात तसं ते मोडलेली चकती एका डबीत टाकायचे. ती डबी नाही सापडली.

व्हीसीआर काकानं मस्कतहून आणलेला. त्याच्यावर क्रोशाचं झाकण, आणि रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. मालिका लागली की आजोबा खुर्ची पुढे ओढून बसत, अंगठा पॉजच्या बटणावर. जाहिरात सुरू झाली की थांबवायचं, संपली की सोडायचं. हे काम त्यांना इतकं महत्त्वाचं वाटे, की मालिका त्यांनी खरी कधी पाहिलीच नाही. ते फक्त जाहिरातींवर पहारा द्यायचे, आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी एकटे बसून कॅसेट लावून बघायचे. तरी प्रत्येक ब्रेकच्या टोकाला अर्धा सेकंद काहीतरी निसटलेलं आहेच. एका बाईचे केस, साबणाचा फेस, ‘मजबू’ इतकाच उच्चार. दुकानात बसून मी हे बघत होते आणि मला त्या फेसाचा जास्त उमाळा येत होता.

खरं सांगायचं तर मालिका आता बघवत नाही, असं वाटून मी गेले होते. महादजी शिंद्यांवरची ही मालिका संजय खाननं १९९४ मध्ये दूरदर्शनवर आणली. त्याआधी टिपू सुलतानवरच्या मालिकेच्या वेळी म्हैसूरच्या स्टुडिओत लागलेल्या आगीत ६२ माणसं गेली होती, आणि हा स्वतः भयंकर भाजला होता. त्या माणसानं पुन्हा तोफा आणि दारूगोळा घेऊन मालिका करावी याचंच आमच्याकडे मोठं कौतुक. आज बघताना दाढ्यांच्या कडा दिसतात. लढाईत तेच पंचवीस-तीस घोडे फिरून फिरून येतायत असा संशय येतो. अब्दाली झालेला बॉब क्रिस्टो मूळचा सिडनीचा, शिक्षणानं सिव्हिल इंजिनियर, आणि टिपूच्या मालिकेत तोच इंग्रज सेनापती होता. आणि सगळे मराठे एकमेकांशी अस्खलित हिंदीत बोलतात. “पेशव्यांच्या माजघरात हिंदी?” असं आजी पहिल्या भागाला म्हणाली होती. तिसऱ्या भागापासून तिनं ते सोडून दिलं.

पण महादजी उभा राहिला, की अजूनही मी सरळ होऊन बसते. शाहबाज खानचा तो आवाज! तो उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मुलगा, हे आजोबांनी कुठेतरी वाचलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात मालिकेचा दर्जा एकदम वाढला. आजोबांकडे खाँसाहेबांच्या मारव्याची रेकॉर्ड होती आणि ती फक्त संध्याकाळी, फक्त त्यांच्या हातानं लागायची. “महादजीचा बाप मारवा काय गायचा!” हे वाक्य ते पाहुण्यांसमोर टाकायचे आणि समोरच्याचा गोंधळलेला चेहरा बघत चहा प्यायचे. याच शाहबाज खानला आम्ही आधी हैदर अलीच्या कामात पाहिलं होतं. म्हणजे मराठ्यांचा कट्टर शत्रू तीन-चार वर्षांत मराठ्यांचा सर्वांत मोठा सरदार झाला. माझ्या भावाला, दादाला, हे फार दिवस पचलं नव्हतं.

आणि मग नजीबखान.

अब्दालीला साथ देणाऱ्या त्या रोहिल्या नजीबाला आम्ही मनापासून शिव्या दिल्या आहेत. आजी तर पडद्याकडे बघून “मेल्या” असं हलक्या आवाजात, जपमाळ ओढताना म्हणावं तसं म्हणायची. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले, ते ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ आमच्या वाड्यातल्या पोरांनी आठवडाभर लाकडी तलवारी घेऊन जिन्यावर केलं. दत्ताजी व्हायला सगळे तयार, नजीब व्हायला कोणी नाही. शेवटी घरमालकांच्या भाच्याला केलं, कारण तो सुट्टीपुरता आलेला. आता दुकानातल्या त्या छोट्या मॉनिटरवर, ट्रॅकिंगच्या रेघांमधून ते डोळे वर आले आणि मी चक्क “अगंबाई” म्हणाले. इरफान खान. ओठ जेमतेम हलतायत, आवाज खाली, आणि डोळे मात्र समोरच्याचं सगळं वाचून झाल्यासारखे. पुढे त्यानंच गुलाम कादिरचंही काम केलंय, म्हणजे आजोबाही तोच आणि नातूही तोच. २०२० च्या एप्रिलमध्ये तो गेला तेव्हा मी इतकं काही वाचलं, लोकांना पाठवलं, पण आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत तो बसून आहे हे एकदाही मनात आलं नाही. दुकानातल्या मुलानं चुकून आवाज वाढवला. एवढ्याशा खोलीत अप्पा बळवंत चौकातल्या रिक्षांच्या वर नजीबाचा आवाज चढला. शांतपणे काहीतरी समजावून सांगणारा. त्याचं म्हणणं पटायला लागेल अशी भीती वाटली.

पुण्यात पानिपत हा काही इतिहासाचा विषय नाही, बोलण्याची सवय आहे. परीक्षेत पानिपत होतं, निवडणुकीत होतं, रविवारच्या बेतात चकली बिघडली तरी होतं. कोणावर भरवसा टाकायचा म्हटलं की विश्वास पानिपतात गेला हे ठरलेलं उत्तर. नाना भानगडी मोजायच्या तर त्या सतराशे साठच, म्हणजे पानिपताला एक कमी. आमच्या पेठांमध्ये त्याला आणखी एक जोड आहे. १७६१ चं पानिपत आणि बरोबर दोनशे वर्षांनी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत. आमच्या वाड्याच्या तळमजल्यावर पुराच्या पाण्याची रेघ होती. रंग दिला तरी भिंत त्या उंचीला वेगळी फुगायची. आजी काळ मोजायची तो ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ असा. पुरात काय गेलं हे तिनं कधी सांगितलं नाही. आजोबांनी यादी करून ठेवली होती, वस्तू आणि अंदाजे किंमत. ती यादी तिला आवडत नसे.

तर चार नंबरची कॅसेट. लेबलावर आजोबांचं अक्षर: ‘पानिपत. शेवटी लाईट गेले.’ आम्ही मुलं आई-बाबांबरोबर साताऱ्याला लग्नाला गेलो होतो, पुण्यात आजी-आजोबा दोघंच. परतलो तेव्हा दादानं चप्पल काढायच्या आधी विचारलं होतं, रेकॉर्ड केलं का? आजोबा म्हणाले, केलं होतं, पण ऐन वेळेला लाईट गेले, सव्वा तास अंधार. दादा इतका चिडला की जेवला नाही. मग आजीनं आम्हा दोघांना गॅलरीत बसवून पानिपत सांगितलं. मला ती संध्याकाळ आठवते ती मुख्यतः गॅलरीतल्या चार कुंड्यांमुळे. एकीत ओवा, एकीत गवती चहा, एकीत सदाफुली आणि एकीत तिनं हट्टानं लावलेला द्राक्षाचा वेल. त्याला आमच्या हयातीत एकही द्राक्ष आलं नाही. पानांवर पांढरी पूड धरायची. वेल तिचा जीव की प्राण होता आणि दूरदर्शनवर संध्याकाळी ‘आमची माती आमची माणसं’ लागलं की ती हातातलं काम ठेवून बघायला बसायची. नाशिकचे बागायतदार एकरांचे हिशोब सांगत असायचे आणि ही एका कुंडीसाठी कान देऊन ऐकत असायची.

दुकानातल्या मुलानं कॅसेट मागे घेऊन लावली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा धडधडतायत, धूर, कोणीतरी ओरडतंय. मग चित्र एकदम तिरकं फाटतं, वरून खाली सप्तरंगी पट्टे वाहू लागतात आणि त्या पट्ट्यांच्या मागे काही सेकंद धुळीतला एक घोडा विरघळत राहतो. तो पुरता विरतो आणि तिथं मांडवावरचा वेल येतो. हिरवागार, घोस लटकलेले. सफारी घातलेले एक गृहस्थ पान उलटं करून दाखवतात आणि सांगतात, ही भुरी, गंधकाची फवारणी करा. आणि पानाच्या खालून पांढरं दिसलं आणि वर तेलकट डाग असले तर तो केवडा, त्याला बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. शांत, सावकाश. मालिकेतल्या कोणत्याही दरबाऱ्यापेक्षा या माणसाचं मराठी चांगलं होतं.

मी मुलाला कॅसेट बाहेर काढायला सांगितली. पाठीवरची चकती मोडलेली होतीच, आजोबांनी ती मोडल्याशिवाय कॅसेट कपाटात गेलीच नसती. पण त्या खाचेवर सेलोटेपचा एक तुकडा होता. पिवळा पडून कडक झालेला, कडेला बोटाचा ठसा. खाच अशी बुजवली की मशीन फसतं आणि पुन्हा रेकॉर्ड करू देतं.

आजीला टीव्हीसुद्धा लावता येत नाही, हे आमच्या घरातलं दुसरं पाठ वाक्य.

मी तिथं स्टुलावर बसून गणितं करत होते. शेतीचा कार्यक्रम संध्याकाळचा, म्हणजे मालिकेच्या वेळी चुकून रेकॉर्ड झालं हे शक्य नाही. आम्ही साताऱ्याहून यायच्या आधीच्या एखाद्या संध्याकाळी कोणीतरी कॅसेट काढली, खाचेवर सेलोटेप लावला, तोफांपर्यंत टेप आणून थांबवली, कार्यक्रम सुरू झाल्यावर बटण दाबलं. आणि शेवटही अंदाजानं केलाय. भुरी संपते, थोडा वेळ नुसत्या मुंग्या, आणि पुढच्या आठवड्याच्या भागाचं शीर्षकगीत मधूनच सुरू होतं. तो भाग आजोबांनी मागाहून घेतला असणार. म्हणजे पुढची टेप लावताना त्यांना द्राक्षं दिसलीच असणार. दिसली, आणि मग त्यांनी ताठ अक्षरात लिहिलं, शेवटी लाईट गेले. हिशोबात एक पैसा इकडचा तिकडे न करणाऱ्या माणसानं लेबलावर खोटं लिहिलंय, तेही काळ्या शाईत.

कारण काय असेल? दत्ताजींच्या भागानंतर दादाला ताप आला होता आणि रात्री तो ओरडत उठायचा, हे आहे. एवढ्या पोरांनी विश्वासरावाला पडताना बघू नये असं आजीला वाटलं असेल. किंवा तिला स्वतःलाच ते आजोबांच्या सवयीप्रमाणे दर दुपारी पुन्हा पुन्हा घरात नको असेल. किंवा, हेही मला अगदी शक्य वाटतं, तिला फक्त भुरीवरचं औषध नीट ऐकायचं होतं आणि घरात दुसरी कॅसेट मोकळी नव्हती. मला या तिन्हींपैकी कोणतं हवंय ते मी ठरवू शकलेले नाही. तिसरं निघालं तर मी खूप हसेन आणि थोडी नाराजही होईन.

एक मात्र दुकानात बसल्या बसल्या लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. पानिपताचा सगळ्यात ठळक प्रसंग म्हणून माझ्या डोळ्यांसमोर कायम जे आहे ते राणेखानाचं. पळापळ, महादजीच्या पायावर वार, तो रक्तानं माखून पडलेला, आणि राणेखान भिस्ती त्याला आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे घेऊन निघालेला. पखाल रिकामी, बैलाच्या पोटाला लागून लटपटणारी. थंडीतली पहाट, बैलाच्या नाकातून वाफ. मी हे कित्येकांना “त्या मालिकेत काय दाखवलं होतं” म्हणून सांगितलंय. पण मी ते पाहिलेलंच नाही. मालिकेत ते कसं होतं मला ठाऊक नाही, कारण तिथं द्राक्षं आहेत. ती वाफ आजीची आहे, गॅलरीतली.

तिला पाटीलबाबा, म्हणजे महादजी, आवडायचा, पण राणेखान जास्त. महादजीनं पुढे त्याला भाऊ म्हटलं, सरदारी दिली, हे ती असं सांगायची की जणू तिच्याच माहेरच्या कोणाचं बरं झालं. आजोबांना त्या प्रसंगात पाठ असायचं ते पेशव्यांना पोहोचलेलं सावकारी पत्र. दोन मोत्यें गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. हे ते खड्या आवाजात म्हणायचे, मोत्यें म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव असं समजावून द्यायचे. त्या दिवशी ते असंच म्हणाले आणि आजी, ओव्याची पानं खुडत, त्यांच्याकडे न बघता बोलली, “त्या खुर्द्यातच सगळी घरं होती हो.” मग म्हणाली, यात्रेला म्हणून फौजेबरोबर निघालेल्या बायका होत्या, त्यांची नावंसुद्धा कोणी लिहून ठेवली नाहीत. आजोबा गप्प झाले. ते असे सहसा होत नसत.

कॅसेटी घेऊन घरी जायच्याऐवजी मी गाडी वानवडीला नेली. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी गेला तो तिथंच, म्हणजे मालिका आली ती बरोबर दोनशे वर्षांनी. शिंदे छत्रीला, म्हणजे त्याच्या समाधीला, मी शाळेच्या सहलीनंतर गेलेच नव्हते. आता आजूबाजूला सोसायट्या, आत मात्र दुपारी कोणी नसतं. रंगीत काचांमधून ऊन फरशीवर पडलेलं, भिंतीवर शिंद्यांच्या तसबिरी, समोर महादेव. ज्यानं बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत बसवलं, वकील-ए-मुतलक, म्हणजे बादशहाचा मुखत्यार, झाला, आणि पुण्यात आल्यावर पेशव्याचे जुने जोडे काखेत धरून म्हणाला म्हणतात की हीच आमची वडिलार्जित चाकरी. नम्रपणा होता की राजकारण, यावर आजोबा आणि त्यांचे मित्र एकेका बैठकीत दोन-दोन चहा संपवायचे. मला त्या थंड दगडावर बसून यातलं काही सुचलं नाही. सभामंडपात एक बाई झाडू मारत होती आणि कबुतरांना हाकलत होती.

संध्याकाळी आईला विचारलं. “सासूबाईंनी? व्हीसीआर? काहीतरीच. त्यांना साधा टीव्ही लावता येत नव्हता.” मग ती भाजी निवडत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “एकदा मला विचारत होत्या, हे पाठीमागचं मोडतात ते कशाला गं? मी सांगितलं. मोडल्यावर परत काही करता येतं का, म्हणाल्या. तेही सांगितलं.” आणि पुन्हा मेथी. दादाला मी अजून फोन केलेला नाही. पन्नाशीला आला तरी त्या न जेवलेल्या रात्रीची आठवण काढतो तो.

रविवारी लेकीला घेऊन बसले. ती दहा वर्षांची आहे, माझं तेव्हा होतं तेवढंच वय. पेनड्राइव्हवर त्या मुलानं फाइलींना नावं दिली होती, एक, दोन, तीन, आणि मग ‘चार द्राक्षे’. तिला इरफान आवडला, घोडे आवडले, मधल्या साबणाच्या फेसाला ती हसली. तोफा सुरू झाल्या तशी माझ्या दंडाला धरून बसली. मग ते रंगीत पट्टे, तो विरघळणारा घोडा, आणि सफारीतले गृहस्थ पान उलटं करून दाखवायला लागले.

“आई, हे काय? विश्वासरावांचं काय झालं?”

“लाईट गेले होते,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. “मग इन्व्हर्टर नव्हता का?”